अकराव्या इमारतीची सही

मामाने फासळीवर तळहात टेकवला आणि तसाच राहू दिला. तापलेल्या लोखंडावर इतका वेळ हात ठेवता येत नाही. हे लोखंड मात्र बारीक ताप असलेल्या माणसाच्या कपाळाइतकंच कोमट होतं.

"सांभाळ हो, भाजेल," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

त्याने हात काढून कोटाच्या खिशात घातला. काखेत पुठ्ठ्याची फाइल होती. ती त्याने टेबलावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

खिडकीखाली भिंतीला बसवलेल्या, पोटातून गरम पाणी फिरणाऱ्या त्या लोखंडी पेटीला वसाहतीत सगळे फासळ्याच म्हणत. इमारती अकरा, दर इमारतीत सोळा घरं, आणि या साऱ्या फासळ्यांत पाणी धाडणारं एकच बॉयलर-घर, वसाहतीच्या तोंडाशी. मामा गेली एकोणतीस वर्षं ते चालवत होता. ताईची मुलं लहानपणी त्याला मामा म्हणायची. त्यांचं ऐकून शेजारची म्हणू लागली, आणि होता होता तो आख्ख्या वसाहतीचा मामा झाला. वसाहतीचे सेक्रेटरी त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे, तेही मामाच म्हणत. पहिल्या इमारतीत पाणी उड्या मारत शिरायचं, अकराव्या इमारतीत दमूनभागून यायचं. ताई अकराव्या इमारतीत राहायची, तिसऱ्या मजल्यावर.

"जिन्यात तीनदा थांबलास," चहाचे कप घेऊन येत ती म्हणाली. "मी मोजत होते."

"गुडघा."

"गुडघा कुरकुरतो. थांबतो तो माणूस."

तिने एक कप त्याला दिला आणि आपला दोन्ही तळव्यांत धरला. अंगात दोन स्वेटर, वरून भाऊजींचा कोट. भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली होती. कोट अजून कामावर होता.

"काय आणलंयस? मघापासून त्या फाइलीला उठाबशा काढायला लावतोयस."

"सही हवीय. अकराव्या इमारतीची. बाकी दहा झाल्या."

"दहा जणांनी दिल्या म्हणजे चांगलंच काही असणार. थांब, चष्मा शोधते."

ती चष्मा शोधायला आत गेली. मामा कपातल्या चहाकडे बघत बसला.

गोष्ट अशी होती. नदीपलीकडे काचेचा कारखाना होता. त्याची भट्टी बारा महिने पेटलेली, आणि तिची धग धुराड्यातून आभाळात जायची. ती वाया जाणारी धग पाण्यात धरायची आणि जाड वेष्टणाच्या नव्या पाइपांतून वस्त्यांच्या घराघरांत पोचवायची, अशी सरकारची योजना आली. पाइप सरकारचे, यंत्रं सरकारची. पण वस्त्या पुष्कळ आणि कारखाना एक. आधी कुणाला द्यायचं हे ठरवायला, ऐन थंडीच्या आठवड्यात जागोजागच्या खोल्या किती गरम राहतात ते मोजायचं ठरलं. दर इमारतीत एका घरात बोटभर लांबीचं यंत्र टांगलं जाणार होतं.

त्या मापनाचं पत्र मामाने वाचलं, पण परीक्षेला बसणाऱ्याने वाचावं तसं. तारीख पाहिली, वार पाहिला. नियमांचं पान उलटलंच नाही. सरकार बघायला येतंय म्हणजे काम बघायला येतंय, असं त्याने धरलं. ज्याचं काम चोख त्याच्याच हातात नवी यंत्रं देतील, गबाळ्याला कोण देतो? पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडावं, तशी त्याने तयारी केली. अडीअडचणीला ठेवलेला दुसरा बॉयलर पेटवला. पंप पुऱ्या वेगाने लावला. अकराव्या इमारतीकडे जाणारा मोठा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं अर्धा मिटलेला असायचा, कारण तो उघडला की बाकीच्यांना कमी पडायचं. तो त्याने शेवटच्या फेऱ्यापर्यंत उघडला. वीस दिवसांचा कोळसा आठ दिवसांत गेला.

मापनवाल्या बाई तिशीच्या होत्या, अबोल. शेवटच्या दिवशी यंत्रं गोळा करून त्या बॉयलर-घरात आल्या.

"नेहमी असंच असतं का, मामा?"

"नेहमीच."

"शेवटच्या इमारतीतसुद्धा?"

"आमच्याकडे पहिली-शेवटची असा भेद नाही, बाई."

त्यांनी वहीत काही लिहिलं. "इतकी चांगली व्यवस्था मी कुठेच पाहिली नाही," त्या म्हणाल्या. पण चेहरा कौतुकाचा नव्हता. काहीतरी वाईट सांगायचंय आणि सांगायची परवानगी नाही, असा तो चेहरा होता. मामाला तो तेव्हा कळला नाही. दोन महिन्यांनी पत्र आलं, तेव्हा कळला. ज्या वस्त्यांत खोल्या सतरा अंशांच्या खाली, त्यांना पहिल्या टप्प्यात ऊब मिळणार होती. या वसाहतीतली सर्वांत थंड खोली वीस अंशांची निघाली होती. 'सध्याची व्यवस्था समाधानकारक. चालकाचे काम प्रशंसनीय.' पुढचा विचार पाच वर्षांनी.

सेक्रेटरींनी हे सभेत वाचून दाखवलं, तेव्हा कुणीही मामाकडे बोट दाखवलं नाही. तेच वाईट झालं.

"यंत्रंच बोगस असणार," कुणी म्हणालं.

"मामा बिचारा रक्त आटवतो, आणि हे त्याच्याच कामाचं निमित्त करून आपल्याला डावलतात," कुणी दुसरं म्हणालं. शेवटच्या ओळीला टाळ्याही पडल्या. मामाने मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. मजकूर सेक्रेटरींनी लिहिला. ज्या अकरा घरांत यंत्रं टांगली होती त्यांच्या सह्या आणायचं काम मामाला दिलं, कारण मामा म्हणेल तिथे लोक न वाचता सही करत.

मुदत उद्या संपत होती.

ताई चष्मा पुसत आली, खुर्ची खिडकीकडे वळवून बसली आणि मोठ्याने वाचू लागली.

"'मापनासाठी लावलेली यंत्रे सदोष असल्याने त्यांनी दाखविलेले आकडे खरे नाहीत.' हे कुणी लिहिलं?"

"सेक्रेटरींनी."

"अक्षर सुरेख आहे. मजकूर खोटा आहे."

"ताई, नुसती सही तर करायचीय."

"यंत्र माझ्या घरात टांगलं होतं ना? त्या दारावर. आठ दिवस मी त्याच्याखालून जा-ये केली. त्याने वीस सांगितलं तर वीसच होतं. स्वेटर काढून फिरत होते मी घरभर. सुईत पहिल्या फटक्यात दोरा जात होता." तिने कागद गुडघ्यावर ठेवला. "बिचाऱ्याला तोंड असतं तर म्हणालं असतं, बाई, मी काय तुमचं घोडं मारलं?"

मामा हसला नाही. एरवी ताईच्या बोलण्याला तो हसायचा, निदान चिडायचा तरी. पूर्वी तो जिना चढतोय असं कळलं की आतून तिचा सूर यायचा. तिने स्वतःच जुळवलेली ओवी होती ती, खास त्याला डिवचायला:

काय सांगू बाई, माझा भाऊ आगवाला,
गावाला दिली ऊब, धूर बहिणीला आला.

आज जिन्यात तीनदा थांबला, त्यातलं एकदा तरी त्या सुरासाठी थांबला होता. सूर आला नव्हता. आणि आता मागे पाहिलं, तर बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

"हल्ली म्हणत नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"ते. आगवाला."

"ते होय." ताईने चष्मा काढला. "त्या आठवड्यात सोडलं. लाज वाटली मला. इतकी वर्षं भावाला टोमणे मारले, आणि त्याने शेवटी आणलीच की ऊब माझ्यापर्यंत. म्हटलं, आता हे असंच राहणार. काहीतरी नवी युक्ती काढली असेल याने, सांगत नाही एवढंच. लहानपणापासून तू तसाच. आधी करायचं, मागून सांगायचं."

मामाने कप खाली ठेवला. नजर कुठे ठेवावी हे न कळून तो खोलीभर बघू लागला. शिवणयंत्रावर नातीचा फ्रॉक होता, एक बाही लागलेली, दुसरी टाचणीवर. पलंगाच्या पायथ्याशी फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीहून उजळ दिसत होता. तिथे विजेची शेगडी असायची. भाऊजी गेले त्या वर्षी त्यानेच आणून दिलेली.

"शेगडी कुठाय?"

"खाली दिली. तळमजल्यावर ती बाळंतीण आहे ना, तिला. महिनाभर आधीच आलेलं पोर, मुठीएवढं. तिच्याही फासळ्या तापल्या होत्या तेव्हा, पण खोली वाऱ्याच्या तोंडाला, आणि एवढ्याशा जिवाला जास्त लागतं. म्हटलं, मला कशाला आता ही अडगळ? घेऊन जा."

"कधी दिलीस?"

"त्याच आठवड्यात. ते यंत्र काढून नेलं, त्या संध्याकाळी."

मामाने मनातल्या मनात दिवस मांडले. त्या संध्याकाळीच त्याने दुसरा बॉयलर विझवला होता. महिना संपायला तीन आठवडे होते आणि कोळसा होता जेमतेम दहा दिवसांचा. तो त्याने पुरवून पुरवून जाळला, एरवीपेक्षाही मंद. अकराव्या इमारतीचा व्हॉल्व्ह अर्ध्याहूनही मिटला. त्याच तीन आठवड्यांत थंडीने कहर केला होता. लोक म्हणाले, यंदा थंडीच तशी आहे, मामा तरी काय करणार.

"आणि दुसऱ्या दिवसापासून?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या दिवसापासून काय, थंडी." ताई जणू दुसऱ्याच कुणाच्या घराविषयी सांगत होती. "म्हटलं बिघडलं असेल काही, करेल नीट. रोज उठल्यावर लोखंडाला हात लावून बघायचे. चार दिवस बघितलं, आठ दिवस बघितलं. मग हात लावायची सवयच झाली. सवय काय, कुत्र्यासारखी असते. एकदा तुकडा घातला की दारातून हलत नाही."

"शेगडी मागून घ्यायचीस."

"दिलेली वस्तू? लेकराच्या उशाची?" तिने कोटाची बाही बोटांवर ओढून घेतली. "आणि मागताना तिला सांगायचं काय? की माझ्या भावाची ऊब आठच दिवसांची होती?"

मामाच्या कानशिलांवर रक्त चढलं. अशी गरमी त्याला बॉयलरच्या तोंडाशीही कधी लागली नव्हती. तो उठून खिडकीपाशी गेला. समोर उतारावर दहाही इमारतींच्या गच्च्या दिसत होत्या, आणि सगळ्यांच्या पलीकडे त्याचं बॉयलर-घर, काडेपेटीएवढं.

"यंत्रं बरोबर होती, ताई," तो काचेला म्हणाला.

मागे तिची खुर्ची करकरली.

"मी दुसरा बॉयलर पेटवला होता. सगळा कोळसा घातला. मला वाटलं, काम बघायला येतायत. मला वाटलं, चांगलं दिसलं तर देतील. नंतर मग कोळसा उरला नाही, म्हणून…"

"म्हणून माझं लोखंड गार," ताईने वाक्य पुरं केलं.

"हं."

"दाखवायचं होतं होय तुला."

"हं."

"मला सांगितलं असतंस तर शेगडी तेवढी दिली नसती. बाकी तुझं तू बघितलं असतंस." ती खरंच हिरमुसल्यासारखी दिसली, क्षणभरच. मग तिने कागद उचलला. "आता खरं लिहिलं तर काय होतं?"

"परत मोजतील. नियम आहे तसा. चालकाने स्वतः लिहून द्यायला पाहिजे की तो आठवडा नेहमीचा नव्हता." नियमांचं ते पान त्याने आता इतक्या वेळा वाचलं होतं की घडीवर फाटलं होतं.

"मग अडलंय कुठे?"

"कारखान्याची धग वाटणाऱ्या नव्या केंद्रावर मला घेणार होते. ते जाईल."

"ते तर जाईलच. अजून?"

मामाने काचेवर बोटाने रेघ ओढली.

"सभेत टाळ्या वाजवल्या गं त्यांनी," तो म्हणाला. "एकोणतीस वर्षांत कुणी मला वाकडा शब्द बोललं नाही."

"आता बोलतील. माणूस मरत नाही त्याने. मी इतकी वर्षं बोलत आले, मेलास का?"

तो खुर्चीत येऊन बसला आणि तिच्याकडे पाहू लागला. लहानपणी काच फोडून आल्यावर असाच बसायचा. ताईने ते ओळखलं.

"माझ्याकडे असं बघू नकोस," ती म्हणाली. "मी बहीण. मी आत्ताच्या आत्ता माफ करून टाकेन. तू उरलेला चहा पिशील, हलका होशील आणि घरी जाशील. फासळ्या काही त्याने तापणार नाहीत."

तिने पेन पुढे केलं. मामाने सेक्रेटरींच्या सुरेख अक्षरावर आडवी रेघ मारली. सह्यांच्या खाली जागा थोडी होती, त्याचं अक्षर मोठं. त्याने लिहिलं: 'यंत्रे बरोबर होती. त्या आठवड्यात मी बॉयलर नेहमीसारखा चालवला नाही. जास्त चालवला, आणि विचारल्यावर नेहमी असाच चालतो असे खोटे सांगितले. आमच्या खोल्या थंड असतात. शेवटच्या इमारतीत सर्वांत थंड.' खाली सही केली. मग कागद ताईकडे सरकवला.

तिने वाचला आणि परत त्याच्याकडे सरकवला.

"ह्या दहा जणांनी वरच्या ओळीला सही दिलीय. तुझ्या ओळीला नाही."

"परत जावं लागेल," तो म्हणाला.

"दहा दारं."

"तू तरी कर. तुझी झाली की…"

"माझी शेवटी. अकराव्या इमारतीला सगळं शेवटीच मिळतं, माझी सहीसुद्धा तुला शेवटीच मिळेल. जा, उजेड आहे तोवर फिरून ये. चहा परत करीन."

जिना उतरताना तो कुठेच थांबला नाही. तळमजल्यावर उजवीकडचं पहिलं दार त्या बाळंतिणीचं होतं. तिच्या घरात यंत्र टांगलं नव्हतं, तिच्या सहीची गरज नव्हती. मामा त्या दारावरून पुढे गेला, बाहेरच्या पायरीपर्यंत पोचला. तिथे वाऱ्याने त्याच्या हातातली फाइल फडफडवली. तो वळून परत आला आणि त्याने कडी वाजवली.

दार वीतभर उघडलं. खांद्यावर बाळ, बाळाच्या डोक्यावर दोन टोप्या, एकावर एक.

"मामा होय. या ना आत. पण लवकर या हं, दार उघडं राहिलं की खोली पंधरा मिनिटं पुन्हा तापत नाही."

"नको, नको. लावून घ्या दार. मी बाहेरूनच सांगतो."

"बाहेरून?"

"दोनच मिनिटांचं आहे."

ती हसली. वसाहतीचा मामा, त्याचं काहीही चालायचं. तिने दार लावून घेतलं. "बोला," आतून आवाज आला. "ऐकू येतंय."

मामा बोलू लागला. मापनाचा आठवडा, दुसरा बॉयलर, संपलेला कोळसा. त्यानंतरचे तीन आठवडे खोली गार पडली ती थंडीमुळे नव्हे, त्याच्यामुळे. शब्द सरसर येत होते, कुठे अडखळत नव्हते. त्याची नजर दाराच्या फळीतल्या एका गाठीवर खिळली होती, गोल, काळपट, कुणाच्याही डोळ्यासारखी नसलेली. बंद दाराशी आपण किती सहज बोलतोय, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला.

आत बाळ कुरकुरलं.

"मामा? पुढे काय झालं?"

त्याने पुन्हा कडी वाजवली.

"जरा उघडता का," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."